रेड अलर्ट कोणाचा, सुट्टी कोणाची
रेड अलर्ट देऊन दिवसभर ऊन, शाळा उगाच बंद, म्हणून हवामान खात्याला शिव्या घालताय, पण सुट्टी खातं देतच नाही हो, ते कलेक्टर वगैरे ठरवतात, २००५ च्या आपत्ती कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच. पूर्वी बुलेटिनमध्ये 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मुसळधार' एवढंच असायचं, म्हणजे नाशिकपासून सोलापूरपर्यंत घ्या काय ते समजून! आता जिल्हावार येतं, त्यातही पुणे वेगळं आणि पुण्याचा घाट वेगळा. ताम्हिणीला २०० मिमीच्या वर कोसळत असतो तेव्हा हडपसरला रस्ता धड भिजत नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना नेमका 'घाट' शब्द गळतो. माझा आक्षेप वेगळाय, इशारा तलाठ्यापर्यंत पोचतो, पुढे वरच्या वाडीवर रात्री अकराला रेंज नसताना सांगणार कोण?