मदत हवी आहे: किल्लारीच्या भूकंपाची माझी आठवण खरी की ऐकीव? घरच्यांना कसं विचारू?

नमस्कार मंडळी,

प्रश्न घरगुती आहे, पण गेले तीन आठवडे त्यानं झोप उडवली आहे.

आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला पाच मिनिटं कमी असताना भूकंप झाला तेव्हा मी साडेचार वर्षांचा होतो. गणपती बोळवून गाव झोपलं होतं. जुनं घर दगड-मातीचं, वर माळवद. आमची मागची भिंत सगळी आत आली. घरातली माणसं वाचली, गल्लीतली दोन घरं मात्र गाडली गेली.

त्या रात्रीची माझी आठवण अशी: आबांनी (माझे आजोबा) मला उचलून खांद्यावर टाकलंय, घोंगडीला तंबाखूचा वास येतोय, माळवदातून माती गळतेय, पितळी घागर गडगडत जातेय. दारातून बाहेर पडताना मी खांद्यावरून मागं बघतो, तर मागच्या भिंतीच्या देवळीत दिवा तसाच जळतोय. हे मला आत्ता डोळे मिटले तरी दिसतं. आबा २०११ साली गेले. त्यांची आठवण काढायची म्हटली की मी हेच काढतो.

गेल्या महिन्यात ताईशी बोलताना हे सहज निघालं. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. ती म्हणाली, "आबा त्या रात्री घरी नव्हतेच. आत्याच्या मुलाला सोलापूरला दवाखान्यात ठेवलं होतं, ते तिकडं होते. तुला काकूनं उचललं." मी वाद घातला. नंतर आबांच्या ट्रंकेत त्या दवाखान्याची पावती सापडली, तारीख २९ सप्टेंबर १९९३.

आता आई ७१ वर्षांची आहे, काका ७८. काकू मागच्या वर्षी गेली. दिवाळीत सगळे एकत्र येणार आहेत, तेव्हा प्रत्येकाची आठवण फोनवर रेकॉर्ड करून ठेवायची आहे. भीती अशी की सगळे एकत्र बसले की एकाचं ऐकून दुसरा तेच सांगणार, आणि काकांचा आवाज सगळ्यांत मोठा. कसं विचारावं? आणि जे मला इतकं लख्ख दिसतं ते खोटं कसं असेल? या विषयाचा अभ्यास असलेल्या कुणी सांगितलं तर उपकार होतील.

प्रतिसाद १

मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी लख्खपणाबद्दल. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान आकाशात फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिक नायसर यांनी एमरी विद्यापीठातल्या १०६ विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठं कळली, कुणी सांगितली, तेव्हा काय करत होतात. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. अकरा जणांचं मुख्य असं काहीच जुळलं नाही, पूर्ण जुळलं ते फक्त तिघांचं. आणि बहुतेकांना आपल्या उत्तराची खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला तरी जुनी आठवण परत आली नाही. म्हणजे खात्री आणि अचूकपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हे तुमच्याइतकंच ताईंनाही लागू आहे, हे कृपया विसरू नका.

आठवण काढतो तेव्हा आपण ती दर वेळी नव्यानं जुळवतो. वास, आवाज, माणूस, जागा हे तुकडे जुळवताना कुठला तुकडा कुठून आला याची खूण सर्वांत आधी पुसते. आबा घरी भूकंपाच्या गोष्टी सांगत असतील, तर त्यांचा आवाज आणि काकूचा खांदा एकत्र होणं अगदी शक्य आहे. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, तेव्हा साडेचाराव्या वर्षाचं काही खरोखर उरलेलं असू शकतं.

आता विचारायचं कसं. आजच तुमची स्वतःची आठवण तारीख घालून लिहून ठेवा आणि पुन्हा त्यात हात घालू नका. दिवाळीत सगळे जमण्याच्या आधी एकेकाला एकट्यानं विचारा, आईंना सर्वांत आधी. तुमची किंवा ताईंची बाजू सांगू नका. पावती दाखवू नका. "आबांनी मला उचललं ना?" असं तर मुळीच विचारू नका. एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९७४ च्या प्रयोगात लोकांना मोटारींच्या टकरीची एकच फिल्म दाखवली होती. प्रश्नात "आपटल्या" अर्थाचा जोरकस शब्द असला की लोक वेग जास्त सांगत, साधा शब्द असला की कमी. एका क्रियापदानं एवढं होतं.

"त्या रात्री कोण कुठं झोपलं होतं?" इथून सुरू करा. मग त्यांना बोलू द्या. मध्ये थांबले तरी तुम्ही गप्प राहा, दहा सेकंद, वीस सेकंद. शांतता भरून काढायची घाई आपल्यालाच असते. त्यांचं संपलं की मग बारीकसारीक विचारा. आणि "आठवत नाही" हे उत्तर चालतं, हे सुरुवातीलाच सांगा, नाहीतर म्हातारी माणसं मुलासाठी काहीतरी जुळवून देतात.

प्रतिसाद २

मी उमरगा तालुक्यातला. तुमचं वाचून अंगावर काटा आला. आम्हीही पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढलेत.

दोन गोष्टी खटकल्या. एक, २९ तारखेची पावती म्हणजे आबा दिवसा सोलापुरात होते एवढंच. रात्रीच्या एसटीनं परत आले नसतील असं ती पावती सांगत नाही.

दुसरी जास्त महत्त्वाची. तुम्हीच लिहिलंय की मागची भिंत आत आली. आणि तुमच्या आठवणीत दारातून मागं बघताना त्याच भिंतीच्या देवळीत दिवा जळतोय. मग ती भिंत उभी होती! लोक विसरतात, पण किल्लारीला धक्के आदल्या वर्षीपासून बसत होते. ऑक्टोबर १९९२ मध्ये तर जोराचे बसले, लोक घाबरून बाहेर झोपायला लागले होते. तुमची आठवण दुसऱ्याच रात्रीची नसेल कशावरून?

प्रतिसाद ३ (प्रतिसाद १ लिहिणारी)

देवळीकडं माझं लक्षच गेलं नाही. हे फार नेमकं पकडलंत. चुकीच्या आठवणींचा हा ओळखीचा प्रकार आहे: घडलेलं खरं, पण दुसऱ्या प्रसंगाचं. मोठा प्रसंग लहान प्रसंगांना ओढून घेतो. धागाकर्त्यांचं वय तेव्हा साडेतीनच्या आसपास, म्हणजे अगदी काठावर, त्यामुळे मी छातीठोक सांगणार नाही. पण आईंना विचारताना आता "३० सप्टेंबर" किंवा "ती रात्र" असंही म्हणू नका. नुसतं "भूकंपाच्या वेळी" म्हणा.

धागाकर्ता

उत्तर द्यायला चार दिवस लागले, माफ करा. दोघांचेही मनापासून आभार.

माझी आठवण लिहून पाकिटात बंद केली. ताईलाही तिची लिहायला सांगितली, तिनं कुरकुर न करता लिहिली. दिवाळीपर्यंत थांबणं झालं नाही, काल रात्री आईला फोन केला. रेकॉर्डिंग चालू आहे हे तिला सांगितलं, आठवत नसेल तर तसं सांग म्हणालो, आणि एवढंच विचारलं, "आई, भूकंपाच्या वेळी घरात कोण कुठं झोपायचं?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोललो नाही. मग म्हणाली, "कोणत्या भूकंपाचं इचारलास? मोठ्या का आदल्या सालच्या?"

मी म्हणालो, दोन्ही सांग. चाळीस मिनिटं बोलली. अजून मी ते पुन्हा ऐकलेलं नाही. आधी काकांचं रेकॉर्डिंग करतो, रविवारी गावी जातोय. ते झालं की इथंच लिहीन.