शोषखड्डा किनाऱ्यावर पुरेसा नाही
किनाऱ्यावरच्या छोट्या वस्तीला सेप्टिक टँक आणि टाकीचे पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा पुरेसा आहे, हे मत मला पटत नाही. कारवारकडच्या रेताड जमिनीत भूजल उथळ असते. पावसाळ्यात ते खड्ड्याच्या तळाला भिडले, की टाकीतून आलेले घाण पाणी नीट न गाळताच शेजारच्या विहिरीत उतरू शकते. आमच्या बेळगावात बळ्ळारी नाल्याचे सांडपाणी शहापूर-वडगावच्या भातशेतीत शिरते तेव्हा ते डोळ्यांना दिसते. विहिरीतले जंतू दिसत नाहीत, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. टाकीचे पाणी तळाला अस्तर घातलेल्या, खडी भरून कर्दळ लावलेल्या वाफ्यातून सोडावे, वाफ्याच्या कडा पुराच्या पाण्यापेक्षा उंच ठेवाव्यात आणि टाकीतला गाळ दर २-३ वर्षांनी उपसावा. वाफ्यातून निघालेले पाणीही पिण्याजोगे नसते. ते माडांना द्यावे.