मदत हवी आहे: गटाचे हप्ते मोबाइलवरून घ्यायचेत

मायक्रोफायनान्समध्ये (म्हणजे बायकांच्या गटांना छोटी कर्जं देण्याच्या कामात) असलेलं कुणी आहे का इथे? आमच्याकडे हप्ते अजून गटाच्या मीटिंगमध्ये रोखच गोळा होतात, आता ते मोबाइलवर न्यायचं चाललंय. बहुतेक बायकांकडे साधे बटणवाले फोन, म्हणजे अ‍ॅप बाद, म्हणून यूएसएसडी (स्टार-हॅशचा कोड डायल केला की स्क्रीनवर येणारा मेनू) घ्यावं म्हणतोय कारण त्याला इंटरनेट लागत नाही, पण जिला मेनू वाचता येत नाही ती मधेच अडकली की सेशन टाइमआऊट होतं, पैसे गेले की राहिले तेच कळत नाही, मग ती पिन सरळ एजंटलाच सांगून मोकळी होते (खरी गोची इथेच आहे). त्यात फोन बऱ्याचदा नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खिशात.

केनियात एम-पेसा (मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा) २००७ ला सुरू झालं, त्याआधीची ट्रायल मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांवरच होती म्हणे, पण लोकांनी ते एकमेकांना पैसे पाठवायलाच जास्त वापरलं.

तर आयव्हीआर, म्हणजे आवाजावर चालणारा मेनू, कुणी वापरलाय का? पिन कुणाला सांगायचा नाही हे नेमकं कसं शिकवलंत? आणि हप्ते मोबाइलवर गेल्यावर मीटिंग चालू ठेवली का बंद केली, कारण मला धास्ती हीच आहे की बायका जमायच्या थांबल्या की एकमेकींच्या कर्जाला दिलेली हमी नुसती कागदावर उरेल.