पहिली लेस शाल विणायचीय, लोकर घ्यावी का रेशीम?

परभणीची_सून

नमस्कार मंडळी, मी परभणीची. स्वेटर, टोपडी, मोजे, बाळंतविड्याचं सगळं विणून झालंय, साधं उलट-सुलट तर टीव्ही बघता बघता होतं. आता मला ती जाळीदार पातळ शाल विणायचीय, रशियातल्या ओरेनबर्गची नाहीतर स्कॉटलंडकडच्या शेटलंड बेटांवरची असते ना, जी अख्खी अंगठीतून आरपार जाते म्हणतात, तसली. थोरल्या जाऊबाईंना द्यायचीय. त्यांच्या लेकीचं लग्न डिसेंबरात आहे अन् परभणीचा डिसेंबर तुम्हाला माहितीच आहे, पहाटे पारा पाच-सहावर येतो, पण पैठणीवर स्वेटर घालून मांडवात कोण उभं राहणार, म्हणून पैठणीवर शोभंल अन् उबही देईल असं काहीतरी हातचं द्यावं वाटायलंय.

अडचण अशी की इथं दुकानात ॲक्रेलिकच मिळतंय. त्यातलं सगळ्यात बारीक घेऊन ४ मिमीच्या सुईवर पानांची वीण विणून बघितली. टाके दर ओळीला जुळायलेत, वीण बरोबर आहे, पण सुईवरून काढलं की चुरगळलेल्या चिंधीवाणी दिसायलंय, जाळी उघडतच नाही. फोटोत मात्र एकेक पान स्वच्छ दिसतं. हे कामून व्हायलंय? सुई मोठी घेऊ का? अन् खरी शाल लोकरीची करावी का रेशमाची? एप्रिल चालू आहे, दुपारी पंख्याखाली बसलं तरी हाताला घाम, त्यात काय बरं पडंल तेबी सांगा. बजेट आहे थोडंफार, वेळबी आहे.

गोदाकाठ

ताई, तुमच्या विणीत काहीच बिघडलेलं नाही, निश्चिंत रहा. लेस सुईवर असताना अशीच गोळा दिसते, कुणाचीही असो. जाळीचा टाका, म्हणजे सुईवर दोऱ्याचा नुसता फेरा, घेतला की एक टाका वाढतो, तो भरून काढायला आपण शेजारी कुठंतरी दोनाचा एक करतो, मग एकीकडं सैल फेरा अन् दुसरीकडं ओढलेले टाके असं होऊन सगळं कापड आकसतं. ते उघडतं ब्लॉकिंगला. म्हणजे शाल विणून झाली की कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची, पिळायची नाही, टॉवेलात गुंडाळून दाबून पाणी काढायचं, अन् ओली असतानाच पाहिजे त्या मापाला चांगली ताणून टाचण्या लावून वाळू द्यायची. शाल डोळ्यादेखत केवढीतरी मोठी होते आणि पानं, पाकळ्या, कंगोरे सगळं वर येतं. मला विचाराल तर या सगळ्या छंदातला सगळ्यात सुंदर वेळ हाच, विणकामापेक्षाही.

आता ॲक्रेलिकचं कामून उघडंना, तर लोकरीचा धागा पाणी पितो, ओला झाला की सैलावतो अन् ज्या आकारात वाळला तो आकार पुढच्या धुण्यापर्यंत धरून ठेवतो. ॲक्रेलिक म्हणजे प्लास्टिक, पाणी त्याच्यात शिरतच नाही, त्यामुळं टाचण्या काढल्या की पुन्हा आकसतं. त्याला वाफ द्यावी लागते, इस्त्री वर अधांतरी धरून, कापडाला न टेकवता. वाफेनं ते मऊ पडतं अन् जाळी कायमची उघडी राहते, पण मग ते परत पहिल्यासारखं होत नाही, म्हणून तुमच्या नमुन्याच्या तुकड्यावर आधी करून बघा. सरावाला ॲक्रेलिक चांगलंच आहे. लग्नात द्यायच्या शालीला मात्र मी ते घेणार नाही, त्याला झोक येत नाही, म्हणजे अंगावर मऊ लहरत उतरत नाही.

सुई ४ मिमीच ठेवा सध्या. सुईनं जाळी थोडी मोठी होते, पण खरी उघडते ती ताणल्यानंच.

टाचण्यांचं एक सांगते. मोठ्या त्रिकोणी शालीच्या कडेला टोकं भरपूर असतात, प्रत्येकाला टाचणी, त्यात साध्या टाचण्या गंजतात अन् डाग पडतो, स्टेनलेसच्या घ्या. पण त्याहून चांगली सोय आपल्या घरात आहे, बाज! शेटलंडच्या बायका शाल धुतली की लाकडी चौकटीवर चढवायच्या, कडेच्या प्रत्येक टोकातून दोरा ओवून चौकटीला ताणून बांधायच्या. आमच्या गच्चीवरच्या बाजेची चौकट जवळपास त्याच मापाची आहे. मी बाजेवर धुतलेलं धोतर अंथरते, त्यावर शाल, अन् मग टोकाटोकातून सुती दोरा घेऊन चारी गातांना, म्हणजे बाजेच्या दांड्यांना, फिरवत जाते. दोरा सलग असल्यामुळं ताण आपोआप सारखा वाटला जातो, एका बाजूला जास्त ओढलं तर दुसरीकडून ढिला करता येतो, टाचण्या काढून पुन्हा लावायची कटकट नाही. खालून वारा लागतो त्यामुळं आपल्याकडच्या कोरड्या हवेत उन्हाळ्यात दोन-तीन तासांत खडखडीत. सावलीतच ठेवा पण, उन्हात रंग उडतो.

तुतीवाला_जालना

मी पुरुष माणूस, विणकाम येत नाही, पण रेशमाचं नाव निघालं म्हणून लिहायलो. आमची बदनापूर तालुक्यात तुतीची बाग अन् रेशीमकिड्यांचं शेड आहे, कोष जालन्याच्या बाजार समितीत नेतो.

ताई, बऱ्याच जणांना वाटतं की पैठणीचं रेशीम जवळच मिळतंय तर त्याचीच शाल विणावी. तसं थेट जमणार नाही, कारण तो दोरा विणकऱ्याच्या मागासाठी असतो, फार बारीक. हिशोब सांगतो. रेशीम डेनियरमधी मोजतात, म्हणजे ९००० मीटर दोऱ्याचं वजन किती ग्रॅम ते. कच्चं रेशीम साधारण २०/२२ डेनियरचं निघतं. तुम्ही लोक जे लेसचं धागं म्हणता ते १०० ग्रॅमला ८०० मीटरच्या आसपास असतं, बहिणीकडून विचारून घेतलं, म्हणजे सव्वाअकराशे डेनियर झालं. तेवढी जाडी करायला २०/२२ चे पन्नासच्या वर पदर एकत्र पिळावे लागतील. ते घरी होत नाही.

दुसरं, कच्चं रेशीम ताठ असतं, त्याच्यावर सेरिसीन नावाचा डिंक असतो. तो साबण-सोड्याच्या गरम पाण्यात उकळून काढला की मऊपणा अन् चमक येते, पण वजन पाव हिश्शाच्या आसपास घटतं. म्हणून विकत घेताना डिंक काढलेलं आहे का विचारून घ्या, नाहीतर शाल कागदावाणी वाजंल.

तुमच्या कामाचं म्हणजे कातलेलं रेशीम, ज्याला स्पन सिल्क म्हणतात. ज्या कोषातून पतंग बाहेर पडलाय किंवा जो फाटलाय त्याची अख्खी तार निघत नाही, नाहीतर चांगल्या दुबार (वर्षात दोन पिढ्या होणाऱ्या) जातीच्या एका कोषातून हजार मीटरच्या आसपास सलग तार निघते. असल्या फुटक्या कोषांचे तंतू पिंजून सुतासारखे कातले जातात. त्याच्यावर २०/२ असा नंबर आला तर समजा १०० ग्रॅमला १००० मीटर, दोन पदरी. ६०/२ आलं तर १०० ग्रॅमला ३०००, ते तुमच्यासाठी फारच बारीक. नंबर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आपल्या भागातल्या कोषाचा दोरा आपल्याच माणसांच्या अंगावर शाल होऊन यावा असं मला मनापासून वाटतं, कुणी विणणारं असंल तर जरूर सांगा.

उदगीरची_अक्का

तुतीवाले भाऊ, फार छान माहिती दिली, मी इतकी वर्षं रेशीम विणतीय पण डेनियरचा हिशोब आज समजला.

सूनबाई, माझं मत जरा वेगळं आहे. पहिली शाल नुसत्या रेशमाची करू नकोस. रेशीम गुळगुळीत असतं, एक टाका सुटला की सरसर खाली पाच-सात ओळी जातो अन् लेसमधी तो परत पकडणं अवघड, कारण कुठं जाळी होती अन् कुठं दोनाचा एक होता ते कळत नाही. लोकर एकमेकीला धरून राहते, टाका सुटला तरी तिथंच थांबतो. शिवाय रेशमाला लवचिकता नाही, अंगावर घेऊन घेऊन लांबत जातं. पण झोक अन् चमक रेशमाचीच, तेबी खरंय. म्हणून मेरिनो (मेंढीची मऊ बारीक लोकर) अन् रेशीम मिश्र घे, ऑनलाइन मिळतं. ओरेनबर्गवाल्याबी शेळीच्या मऊ लवेच्या धाग्याला रेशमाची तार जोडून पिळतात, म्हणजे मिश्र काही कमअस्सल नाही.

धनगरी लोकरीचं कुणी सांगितलं तर ऐकू नको. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीसाठी एक नंबर, पाऊस झेलते, पण भरड आहे, मानेला टोचंल.

१०० ग्रॅमला ४०० मीटरवालं घेतलंस तर शंभर ग्रॅममधी मध्यम त्रिकोणी शाल होते, शिकायला सोपं. ८०० मीटरवालं घेतलंस तर ५० ग्रॅममधी तेवढीच होते अन् खरी पातळ होते. तुझा हात बसलेला आहे, मी तर म्हणते ८०० चंच घे. रंग फिका घे, गर्द रंगात रात्री टाके दिसत नाहीत अन् लाईट गेली की विषयच संपला. घामाचं म्हणशील तर बांबूची गोल सुई घे, ८० सेंटिमीटर तारेची, स्टीलवर रेशीम घसरतं. दुपारी विणूच नको, पहाटे बस.

अन् एक गोष्ट अजिबात टाळू नको, सुरक्षादोरा. विणीची एक पूर्ण आवृत्ती झाली, टाके मोजून बरोबर आले, की शिवणाच्या सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून काढून ठेवायचा, अन् तसंच पुढं विणायचं. खुणेच्या कड्या असतील तर त्यांच्यातून दोरा जाऊ देऊ नको. पुढं काही चुकलं तर बिनधास्त सुई काढून त्या दोऱ्यापर्यंत उसवता येतं. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरी याला कंटाळा करतात, मी मात्र सोडत नाही, तीनशे टाक्यांची ओळ डोळ्यात पाणी आणते.

शेवटी बंद करताना नेहमीसारखं घट्ट करू नको, नाहीतर गोदाकाठताईंनी सांगितलं तसं ताणायला जाशील अन् कडच येणार नाही. दोन टाके मागच्या बाजूनं एकत्र सुलट विणायचे, झालेला टाका परत डाव्या सुईवर ठेवायचा, मग तो अन् पुढचा पुन्हा एकत्र, असं शेवटपर्यंत. सुई एक नंबर मोठी. लय ताणती कड येते.

परभणीची_सून

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! इस्त्रीची वाफ त्या तुकड्याला आताच देऊन बघितली, पानं उघडली!! सासूबाईंनाबी बोलावून दाखवलं.

अक्का, तुमचंच ऐकते, मेरिनो-रेशीम, ८०० मीटरवालं, मोतिया रंग. ५० ग्रॅम पुरंल म्हणता पण मी १०० घेते, जाऊबाई उंच आहेत, खांद्यावरून खाली चांगली आली पाहिजे. अन् तुतीवाले दादा, ही झाली की पुढची नक्की कातलेल्या रेशमाची, तुम्हाला विचारूनच घेते.

दोन शंका राहिल्या. विणीचा चौकटींचा तक्ता वाचताना उलटी ओळ कुठून वाचायची? अन् आमचं बोअरचं पाणी इतकं जड आहे की साबणाचा फेसच होत नाही, त्यात शाल धुवावी का? आमची बाज लोखंडी आहे, ती चालंल का?

गोदाकाठ

तक्त्यात सुलट बाजूच्या ओळी उजवीकडून डावीकडं वाचायच्या, उलट बाजूच्या डावीकडून उजवीकडं. बहुतेक सोप्या विणींत उलट बाजूला नुसते उलट टाकेच असतात, तेव्हा तिकडं डोकं मोकळं ठेवता येतं. फक्त एस्टोनियातल्या हापसालूच्या शालीतल्यासारख्या गाठी असतील तर उलट बाजूला एकाच वेळी पाच नाहीतर सात फेरे एकत्र विणावे लागतात, ते फेरे सुलट बाजूला घेताना मुद्दाम सैल घ्यायचे. पहिल्या शालीत त्या नसल्या तरी चालतंय.

जड पाण्यात साबण वापरू नका, साबणाचा चिकट थर धाग्यावर बसतो अन् रेशमाची चमक जाते. रिठे रात्री भिजत घालून सकाळी कुस्करून गाळून घ्या, रिठ्याला जड पाण्याचं काही वाटत नाही, लोकर-रेशीम दोन्हीला चालतात. फक्त मोतिया रंग आहे, रिठ्याचं पाणी पातळ करा, गडद असलं तर पिवळट झाक येऊ शकते. शेवटचं पाणी फिल्टरचं किंवा साठवलेलं पावसाचं घ्या, तोवर पाऊसबी पडलेला असंल.

लोखंडी बाज चालते, पण चारी बाजूंना आधी जुन्या सुती साडीची पट्टी घट्ट गुंडाळा अन् दोरा त्या पट्टीवरूनच फिरवा, ओल्या लोकरीला गंज लागला तर डाग निघत नाही. अन् लग्नाआधी शाल ठेवायची झाली तर प्लास्टिकच्या पिशवीत नको, धुतलेल्या मलमलच्या फडक्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून ठेवा अन् महिन्यातून एकदा उघडून झटका, कसर लागत नाही.

उदगीरची_अक्का

रिठ्याचं पाणी केसांना लावतो त्याच्या निम्म्यानं पातळ कर. अन् सुरुवात केलीस की पहिल्या दहा ओळींचा फोटो टाक गं, मधल्या कण्याच्या, म्हणजे शालीच्या मधोमधच्या उभ्या रेषेच्या, दोन्ही बाजूंना टाके सारखे वाढायलेत का ते मी बघून सांगते.