खाडा की खंड?

शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट अशा चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या आणि ब्रश ठेवला, तो २३ वर्षांसाठी. दिवाळीत माळा आवरताना रंगांची जुनी पेटी हाती लागली. वड्या तडकून सुट्या झाल्या होत्या, पण थेंबभर पाणी टाकल्यावर गेरूने रंग सोडला. तेव्हापासून रोज रात्री पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एक चित्र काढते. ह्या रोजच्या करण्याला मराठीत काय म्हणायचं?

'माझा रियाज राहिलाय' म्हटलं, तर आई म्हणाली, "चित्राचा कुठे रियाज असतो? रियाज गळ्याचा." तिचं खरंच आहे. रियाज मूळचा अरबी, रग असलेल्या घोड्याला वठणीवर आणण्याच्या धातूपासून आलेला. आपल्याकडे तो गाणं, वाद्य आणि नाच यांच्यापलीकडे फारसा गेला नाही. 'सराव' क्रिकेटला आणि प्रश्नपत्रिकांना शोभतो.

आणि 'अभ्यास' शाळेने पळवला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. फार मोठा शब्द आहे तो. संस्कृत व्याकरणात धातूचं द्वित्व होतं तेव्हा पहिल्या भागाला 'अभ्यास' म्हणतात. 'ददाति'मधला पहिला 'द' हा अभ्यास. म्हणजे पुन्हा तेच करणं हे त्या शब्दाच्या हाडातच आहे. तुकोबांच्या 'असाध्य ते साध्य करितां सायास। कारण अभ्यास तुका म्हणे' मधला अभ्यास हाच. आज मात्र 'अभ्यास झाला का?' म्हटलं की दप्तरच डोळ्यांसमोर येतं.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो 'नेम'. नेमाने करणं यात मोठेपणाचा आव नाही. तुळशीला पाणी घालावं तसं करायचं. पण 'नेम मोडला' म्हटलं की सगळं संपल्यासारखं वाटतं, आणि माझी गाडी तिथेच अडली. डिसेंबरात तापाने चार दिवस गेले. पाचव्या रात्री कागद काढवेना. मोडलंच आहे, तर आता कशाला?

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडलेले असतात. त्या रात्री तिथेच चित्राचेही चार खाडे मांडले आणि कागद घेऊन बसले. खाडा मोजला जातो, कारण दूध चालूच असतं. खंड पडला की मोजायला काही उरत नाही. माझी चूक इतकीच होती की खाड्याला मी खंड समजत होते. खाड्याचा हा अर्थ तुमच्याकडेही असाच आहे का?

प्रतिसाद: ताई, तबल्यात आम्ही 'हात बसला', 'हात मागे गेला' असं म्हणतो. मागे गेलेला हात पुढे आणता येतो, हे त्या बोलण्यातच आहे. फक्त चिल्ला धरला असेल, म्हणजे सलग ४० दिवस, तर तिथे खाडाही चालत नाही. पण चिल्ला हे व्रत आहे, आणि रोजचं वाजवणं हा संसार आहे. तुमचं दुसऱ्या प्रकारचं दिसतंय.

प्रतिसाद: 'गिरवणे' राहिला. अक्षर गिरवायचं म्हणजे त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवायचा, मग वळण येतं. सुटलेली कला पुन्हा धरताना नवं काही सुचायची वाट बघू नये, आपलंच जुनं चित्र समोर ठेवून गिरवावं, असं मला वाटतं.

प्रतिसाद: खाडा आमच्या घरात गिरणीतून आला. वडील लालबागला होते. खाडा पडला की त्या दिवसाचा पगार जाई, पण हजेरीपटावर नाव राही. तुम्ही म्हणता तो फरक नेमका हाच. १९८२च्या संपात मात्र खाडे झाले नाहीत, खंडच पडला. आम्ही कोकणात गावी आलो. चाळीतल्या भजनात ते पखवाज वाजवायचे, तो खुंटीला गेला. कितीतरी वर्षं कुणी त्याला हात लावला नाही. मग एका गणपतीत आई मोदकांच्या गडबडीत असताना ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि मूठभर कणीक मागितली. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे तोंडावरच्या चामड्याला, लावायला. आईने काही विचारलं नाही, परात पुढे केली. त्या रात्री आरतीला त्यांचा हात फार अडखळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा कणीक मागितली.