नोटीस आली की अर्धं पाडायचं, मग उरलेल्याचं काय?

खडूस_शेजारी: काल इथे एकाने लिहिलं की त्याच्या मामाला ५३ची (नगररचना कायद्याच्या कलम ५३ची, बेकायदा बांधकाम काढा अशी) नोटीस आली, साइड मार्जिनमधल्या, म्हणजे इमारतीच्या बाजूला मोकळ्या सोडायच्या जागेतल्या, दोन खोल्यांपैकी एक मामाने स्वतःहून पाडली, तरी पालिका दुसरीच्या मागे लागलीय. आणि खाली सगळे "बिचारे मामा" करत बसलेत. बिचारे कसले हो? एक पाडली म्हणून दुसरी कायदेशीर झाली का? आमच्या शेजारी स्टिल्ट पार्किंगला (इमारतीखाली खांबांमधल्या पार्किंगला) भिंती घालून दुकान काढलं, नोटीस आली तसं शटर उतरवलं, पालिकेचे ज्युनिअर इंजिनिअर आले, फोटो काढला, "अतिक्रमण काढले" असा शेरा मारून फाईल बंद. भिंती जागच्या जागी. गणपती झाले की शटर परत! आता तक्रार केली तर नवी नोटीस, नवी सुनावणी, पहिल्यापासून सगळं. अर्धं पाडणं म्हणजे नियम पाळणं नाही, पुढची तारीख घेणं आहे.

घरकुल९: शटरवाला आणि मामा एकाच मापाने मोजू नका. सुप्रीम कोर्टाचा नोव्हेंबर २०२४चा निकाल वाचा. १५ दिवसांची नोटीस तर हवीच, शिवाय बांधकाम नियमित होऊ शकतं का, आणि थोडाच भाग होत नसेल तर तेवढाच का पाडत नाही, हे आदेशात लिहावं लागतं. स्वतः हातोडा घेणाऱ्याला काहीच सूट नाही? मग उद्या कोण कशाला काही पाडेल.

खडूस_शेजारी: आग लागली तर बंब काय मामाच्या खोलीतून जाणार?

मामाचा_भाचा: पोस्ट माझी होती. दुसरी खोली लगेच पाडता येत नाही कारण तिथे भाडेकरू आहे, ११ महिन्यांचा करार आहे.

खडूस_शेजारी: वा! म्हणजे बेकायदा खोलीचं भाडंपण चालू. मला आता खरंच वाईट वाटायला लागलं मामाचं.

टॉप_फ्लोअर: मार्जिन सोडा, टेरेसच्या पत्र्याचं बोला. स्लॅब गळतो, वॉटरप्रूफिंगवाले पैसे घेऊन जातात आणि पुढच्या पावसात परत बादल्या. पत्रा टाकला तर नोटीस. आम्ही बाजूचे पत्रे काढले, वरचं छत ठेवलं, तरी म्हणतात अर्धवट कारवाई केली. छत काढून काय डोक्यावर ताडपत्री घेऊन झोपू?

सेक्रेटरी_नाइलाजाने: सगळे गळतीच्याच नावाने टाकतात. मग बाजू बंद, मग लाइट, मग कुणाची तरी जिम. आमच्याकडे तर पीजीची मुलं ठेवलेली.

टॉप_फ्लोअर: तुम्ही कितव्या मजल्यावर? पहिल्या ना? एक जुलै आमच्याकडे राहून दाखवा.

सेक्रेटरी_नाइलाजाने: वॉटरप्रूफिंगच्या वर्गणीला हात आखडता आणि टेरेस मात्र बापाची!

टॉप_फ्लोअर: बाप काढू नका, सांगून ठेवतो.

प्रामाणिक_मूर्ख: भांडा तुम्ही. पिंपरी-चिंचवडला आम्ही वर्षानुवर्षं शास्ती (बेकायदा बांधकामावरचा दंड) भरली, मिळकत कराच्या दुप्पट, २०२३ला थकवणाऱ्यांची माफ झाली. गुंठेवारीत, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या बेकायदा प्लॉटवरची बांधकामं नियमित करायला, २००१ आधीचंच बांधकाम चालायचं, ती मुदत सरळ ३१ डिसेंबर २०२०वर नेली. अर्धं पाडणारा तरी बरा म्हणायचा, न पाडता थांबणारा त्याच्याहून हुशार.

घरकुल९: हे मात्र मान्य. आणि ठरवलं तर नेमकं जादा तेवढंच पाडता येतं की! नारायण राणे केंद्रीय मंत्री असताना त्यांच्या जुहूच्या बंगल्याचा बेकायदा भाग पाडा असं हायकोर्टाने २०२२ला सांगितलं, वर १० लाखांचा दंड. शेवटी त्यांनी स्वतःच पाडायला घेतलं, बंगला आहे तिथेच आहे.

खडूस_शेजारी: हेच तर म्हणतोय मी सकाळपासून, जादा आहे ते सगळं पाडा. फक्त आमच्या शटरवाल्यासाठी हायकोर्टात कोण जाणार, वकिलाची फी तुम्ही देताय का?

टॉप_फ्लोअर: पत्र्याच्या परवानगीचा अर्ज कुठल्या खिडकीवर घेतात ते कुणी सांगेल का? सेक्रेटरी सोडून.