जुन्या ट्यूबची स्लिंग बॅग : शिवण टाक्यांच्या रेषेवरच फाटते

सुईदोरा
सायकलच्या टाकाऊ ट्यूबपासून साधारण २५ × १८ सेंमीची स्लिंग बॅग शिवायची आहे. मशीन घरगुती, सुई ९० नंबर, टाका २ मिमी, दोरा सुती. रबर मशीनच्या पायाला (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या भागाला) चिकटतं आणि टाके एकाच जागी गोळा होतात. वजन ठेवलं की शिवणीवरून पट्टी सरळ फाटते. शिवाय काळा रंग कपड्यांना लागतो. चामड्याची सुई लावली तर फरक पडेल का?

रबरी_कात्री
चामड्याची सुई नको. तिचं टोक पात्यासारखं असतं, गोल भोकाऐवजी चीर पडते आणि रबर त्या चिरेतूनच पुढे फाटत जातं. जीन्सची १०० नंबरची सुई घ्या.

पण खरं कारण टाका आहे. २ मिमी म्हणजे दर सेंटीमीटरला पाच भोकं, टपाल तिकिटाच्या कडेसारखी! टाका ४ मिमी करा, कडेपासून ७-८ मिमी आत शिवा. शेवटी उलट टाके घेऊ नका. दोऱ्याची टोकं लांब सोडून आतून गाठ मारा. दोरा पॉलिएस्टरचा. टाचण्या अजिबात नकोत, रबरातलं भोक बुजत नाही. कपड्यांचे चिमटे पुरतात.

चिकटण्यावर टेफ्लॉनचा पाय उत्तम. नसेल तर रबराच्या वर-खाली ट्रेसिंग पेपरच्या पट्ट्या ठेवून शिवा, मग फाडून काढा. कापड ओढतो तसं रबर मागून ओढू नका, शिवण लाटांसारखी होते.

जोडकाम
वरचं सगळं बरोबर, पण एवढ्यावर थांबू नका. वजन रबराच्या भोकांवर येताच कामा नये. आतून कॅनव्हासचं अस्तर घ्या आणि प्रत्येक शिवण त्या कापडातूनही जाऊ द्या.

उघडलेली ट्यूब मापानुसार ६ ते ९ सेंमी रुंद भरते, म्हणजे पट्ट्या जोडाव्याच लागतील. दीड सेंमी एकावर एक घ्या. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासा, पंक्चरचं सोल्युशन पातळ लावा, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा आणि मगच दाबा. ओलं असताना चिकटवलं तर जोड हमखास सुटतो. नंतर दोन समांतर शिवणी.

कापण्याआधी पट्टी दुमडून ताणून बघा. बारीक भेगा दिसल्या तर तो तुकडा बाजूला ठेवा. कितीही नीट शिवला तरी तिथून जाणार.

सुईदोरा
आभारी आहे. पट्टाही ट्यूबचाच चालेल का? आणि रंगाचं काय?

रबरी_कात्री
पट्टा नको, वजनाने ताणत राहतो. गाडीच्या जुन्या सीटबेल्टची पट्टी वापरा. झुरिकच्या फ्रायटाग बंधूंनी १९९३ मध्ये ट्रकच्या ताडपत्रीची बॅग केली, तेव्हा पट्टा सीटबेल्टचाच होता. सायकलची ट्यूब कडांना. ट्यूबचा तो फार चांगला उपयोग आहे. पट्ट्याची टोकं मेणबत्तीवर किंचित वितळवा, नाहीतर धागे सुटतात. पट्टा बॅगेला जोडताना चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण घाला.

जोडकाम
काळेपणा म्हणजे रबरातला कार्बन आणि वर साचलेली घाण. शिवण्याआधीच भांड्यांच्या साबणाने, ब्रशने दोन्ही बाजू धुवा. आतली पावडरही निघायला हवी, तिच्यावर सोल्युशन धरत नाही. ओल्या पांढऱ्या फडक्यावर डाग उमटायचा थांबेपर्यंत धुवा. चकाकीसाठी खोबरेल किंवा व्हॅसलिन लावू नका, तेलाने हे रबर फुगतं आणि चिकट होतं. सिलिकॉन स्प्रे चालतो, पण सगळं चिकटवून-शिवून झाल्यावरच. पाठीला टेकणारी बाजू मात्र कॅनव्हासची ठेवा. फिक्या कपड्यांसाठी तेवढाच खात्रीचा उपाय.